जुन्या इंजिनाची घरी पुनर्बांधणी

चेन्नई शहराच्या (१९९६ पर्यंतचे मद्रास) उत्तरेस, समुद्रकिनाऱ्यालगत तिरुवोट्रियूर हे उपनगर आहे. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनी व मद्रास मोटर्स यांनी १९५५ मध्ये एकत्र येऊन ‘एनफिल्ड इंडिया’ ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना या उपनगरात उभा राहिला. ३५० सी.सी. ‘बुलेट’ मोटरसायकलीचे सुटे भाग आरंभी इंग्लंडहून येत व येथे केवळ जोडले जात. १९५७ मध्ये हे भाग घडविण्याची साधने भारतीय कंपनीस मिळाली, आणि १९६२ च्या सुमारास संपूर्ण वाहन भारतात तयार होऊ लागले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला; परंतु ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचे ते इंजिन, थोडेफार बदल होत, सुमारे २०१० पर्यंत चेन्नईत तयार होत राहिले.

एकच इंजिन अर्ध्या शतकाहून अधिक काळ निर्माण होत राहिल्यामुळे त्याचे दोन परिणाम झाले. पहिला असा की, त्याचे सुटे भाग देशाच्या कोणत्याही मोठ्या गावी मिळू शकतात व ते जोडण्याचे ज्ञान कारखान्याच्या भिंतीबाहेर दूरवर पसरले आहे. दुसरा परिणाम तितका सुखद नाही. ज्या भागाला सतत मागणी असते, त्याच्या नकलाही सतत होतात. म्हणून अशा इंजिनाची घरी पुनर्बांधणी करू पाहणाऱ्या माणसाला दोन विद्या शिकाव्या लागतात : एक मोजण्याची आणि दुसरी पारखण्याची. पाना फिरविण्याचे कौशल्य या दोहोंच्या मानाने लवकर साध्य होते.

प्रस्तुत पाठात याच इंजिनाचे उदाहरण घेतले आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व पिस्टनची धाव ९० मिलिमीटर असते. त्यावरून त्याचे आकारमान ३४६ घन सेंटिमीटर निघते. एकच सिलिंडर, हवेने थंड होणारी रचना आणि इंजिनापासून वेगळी असलेली गिअरपेटी यांमुळे ते शिकाऊ माणसास सोयीचे आहे. येथे सांगितलेली तत्त्वे मात्र स्कूटर, मोटार किंवा शेतावरील पंप यांच्या इंजिनांनाही लागू पडतात.

इंजिन का झिजते

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना पिस्टन प्रत्येक सेकंदाला शंभर वेळा थांबतो आणि शंभर वेळा दिशा बदलतो. त्याची सरासरी गती त्या वेळी सेकंदाला ९ मीटर असते. पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो, आणि तो अभंग असेतोवर धातूला धातू घासत नाही. परंतु पिस्टन जेथे वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, तेथे हा थर सर्वांत दुबळा होतो. ज्वलनाचा दाब व उष्णताही तेथेच सर्वाधिक असतात. म्हणून सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या रिंगेच्या वळणबिंदूपाशी तो अधिक झिजतो व खाली क्रमाक्रमाने कमी. शिवाय पिस्टन कनेक्टिंग रॉडच्या तिरक्या रेट्यामुळे पुढच्या व मागच्या भिंतीवर दाबला जातो आणि मुळात गोल असलेले भोक किंचित लंबवर्तुळाकार बनते.

या स्वाभाविक झिजेला तीन गोष्टी वेग देतात : हवेबरोबर आत येणारी धूळ, तेलाचा अभाव आणि अतिरिक्त उष्णता. त्यांपैकी धूळ ही सर्वांत कपटी होय. फाटलेल्या हवा-गाळणीतून जाणारे वाळूचे कण तेलात मिसळतात आणि तेच तेल घासकामाच्या लेपासारखे काम करू लागते. अशा स्थितीत नवा पिस्टन बसवून गाळणी तशीच ठेवली, तर तोच खर्च थोड्याच दिवसांत पुन्हा करावा लागतो.

उघडण्यापूर्वीची परीक्षा

इंजिन उघडणे हे निदान नव्हे. निदान झाल्यावर करावयाचे ते काम आहे. नळीतून सतत निळसर धूर येत असेल तर तेल जळत आहे असे समजावे. काळा धूर हा पेट्रोलचे प्रमाण अधिक झाल्याचा निदर्शक असून त्याचे कारण बहुधा कार्ब्युरेटरमध्ये किंवा तुंबलेल्या हवा-गाळणीत सापडते. थंडीच्या सकाळी दिसणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते.

बुलेटच्या बाबतीत येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या इंजिनाचे तेल क्रँकपेटीतच, परंतु वेगळ्या कप्प्यात साठविलेले असते. वाहन काही आठवडे उभे राहिले की ते तेल पंपातून हळूहळू झिरपून क्रँकच्या खोलीत उतरते. त्यानंतर प्रथम सुरू करताना काही मिनिटे दाट निळा धूर निघतो व पुढे तो आपोआप थांबतो. हा झिजेचा पुरावा नव्हे. या एका गैरसमजापायी सुस्थितीतील सिलिंडर बोअर करून घेतले जातात, आणि एकदा कापलेली धातू परत येत नाही.

दाबाची परीक्षा सोपी आहे. किक हळूहळू दाबली असता पायाला निश्चित अडथळा जाणवला पाहिजे. तो जाणवत नसेल, तर प्रथम टॅपेटचे अंतर तपासावे. झडप पुरती बसत नसल्यासही दाब नाहीसा होतो. टॅपेट ठीक असतील, तर स्पार्क प्लग काढून त्या भोकातून चमचाभर इंजिनाचे तेल सिलिंडरमध्ये सोडावे, प्लग बसवावा व पुन्हा किक दाबावी. आता अडथळा स्पष्टपणे वाढला, तर गळती रिंगांवाटे होत होती असे ठरते, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजली आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष झडपांत किंवा हेडच्या गॅस्केटमध्ये शोधावा. झडपा घासून बसविण्याने जे काम भागते, त्यासाठी पिस्टन विकत घेण्याचे कारण नाही.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या वाहनाची गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीला पूर येऊन चेन्नईच्या अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी शहराने पुन्हा तसाच प्रसंग पाहिला. पाणी ओसरताच गाडी सुरू होते का हे पाहण्याचा मोह कोणालाही होतो. तो आवरला पाहिजे. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन जोराने फिरविले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रथम प्लग काढावा, तेल पूर्णपणे सोडून द्यावे व मगच इंजिन हाताने सावकाश फिरवून पाणी बाहेर काढावे. तेल दुधी रंगाचे निघाले, तर इंजिन उघडण्याचा निर्णय लांबणीवर टाकू नये. बेअरिंगवर गंज चढण्यास दमट हवेत फार दिवस लागत नाहीत.

जागा, हत्यारे आणि वही

कामाला मोठी जागा लागत नाही. परंतु ती स्वच्छ, उजेडाची व वाऱ्यावर उडणाऱ्या धुळीपासून सुरक्षित असावी. पेट्रोलची टाकी प्रथमच उतरवून स्वयंपाकघर व देवघरातील दिवा यांपासून दूर ठेवावी. भाग धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल वापरावे. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत जाऊन दूरच्या ठिणगीने पेट घेते.

योग्य मापाचे पाने, टॉर्क पाना, फीलर गेज, क्रँकवरील दातेरी चाके काढण्याचे पुलर आणि सर्क्लिपचा चिमटा ही किमान हत्यारे होत. मायक्रोमीटर मिळाल्यास उत्तम. पक्कड व छिन्नी यांनी नट सोडविण्याची सवय असलेल्याने हे काम हाती घेऊ नये. तुटलेला स्टड काढण्यास जो वेळ लागतो, त्यात अर्धे इंजिन जोडून होते.

सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयुक्त हत्यार म्हणजे वही. कोणता भाग कोणत्या क्रमाने निघाला, कोणता वॉशर कोणत्या बाजूस होता, शिम किती होते, हे त्याच वेळी लिहून ठेवावे. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. सुटे नट-बोल्ट एकाच डब्यात न टाकता लहान पिशव्यांत, चिठ्ठीसह ठेवावेत.

उघडणे व मोजणे

सायलेन्सरची नळी, कार्ब्युरेटर, रॉकरांकडे जाणारी तेलनळी, रॉकरांची झाकणे, हेड, सिलिंडर, अशा क्रमाने इंजिन वरून खाली उघडत जावे. सिलिंडर वर उचलताच क्रँकपेटीच्या तोंडात स्वच्छ फडका कोंबावा. आत पडलेली एक सर्क्लिप काढण्यासाठी संपूर्ण क्रँकपेटी फोडावी लागल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजात ऐकावयास मिळतात. पिस्टनची पिन हातोडीने ठोकून काढू नये, त्यामुळे रॉड वाकतो. पिस्टन गरम पाण्यात भिजविलेल्या फडक्याने तापविला की पिन सहज सरकते.

आता मोजमापाचा प्रश्न येतो. मायक्रोमीटर व बोअर गेज असल्यास सिलिंडर वर, मध्ये व खाली अशा तीन पातळ्यांवर, आणि प्रत्येक पातळीवर पुढे-मागे व डावी-उजवीकडे अशा दोन दिशांनी मोजावा. ही सहा मापे वहीत मांडली की झिजेचे चित्र स्पष्ट होते. ही उपकरणे नसली, तरी केवळ फीलर गेजने बरेच कळू शकते. एक नवी रिंग सिलिंडरच्या अगदी खाली, जेथे झीज जवळजवळ नसते, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलून बसवावी व तिच्या दोन टोकांमधील फट मोजावी. नंतर तीच रिंग वरच्या झिजलेल्या पट्ट्यात बसवून पुन्हा फट मोजावी. परीघ हा व्यासाच्या ३.१४ पट असल्यामुळे, दोन फटींतील फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातील फरक मिळतो. समजा, खाली फट ०.३० मिलिमीटर व वर ०.९३ मिलिमीटर आली. फरक ०.६३, त्याला ३.१४ ने भागता ०.२० मिलिमीटर एवढी झीज ठरते. रिंगा बदलल्या तरी अशा सिलिंडरमध्ये त्या वरच्या बाजूस सैल व खाली घट्ट होणार. तेथे बोअर करण्यावाचून गत्यंतर नाही. झीज किती झाली म्हणजे बोअर करावा, याची मर्यादा त्या त्या इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेली असते आणि तीच प्रमाण मानावी.

खालच्या बाजूची परीक्षा बोटांनी होते. क्रँक फिरवून रॉड सर्वांत वर आणावा, तो दोन्ही हातांनी धरावा व सरळ वर-खाली ओढून पाहावा. आडवा, बाजूचा थोडा हलका खेळ असणे स्वाभाविक आहे. परंतु उभा खेळ जाणवता कामा नये. तो जाणवला, तर बिग एंड झिजला आहे, आणि वरच्या भागावर केलेला सर्व खर्च त्याच्या दुरुस्तीविना व्यर्थ ठरेल.

घरचे काम व कारखान्याचे काम

घरी पुनर्बांधणी करणे याचा अर्थ सर्व काही घरी करणे असा नाही. सिलिंडर बोअर करणे व त्यावर होनिंग करणे, क्रँकची पिन दाबून काढणे व क्रँक पुन्हा सरळ रेषेत आणणे, झडपांच्या बैठका कापणे ही यंत्रशाळेची कामे होत. उघडणे, धुणे, मोजणे, निवडणे व पुन्हा जोडणे ही कामे घरी करता येतात.

यंत्रशाळेत जाताना एक क्रम कटाक्षाने पाळावा : आधी पिस्टन विकत घ्यावा, तो मोजावा आणि मग त्या पिस्टनाच्या मापाने सिलिंडर बोअर करून घ्यावा. ‘अर्ध्या मिलिमीटरने वाढवा’ एवढेच सांगून सिलिंडर कापून आणला व नंतर पिस्टन शोधला, तर दोहोंमधील अंतर नशिबावर अवलंबून राहते. हे अंतर महत्त्वाचे का, हे एका लहान गणिताने कळते. तापमान १०० अंशांनी वाढले की ७० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियम-मिश्रधातूचा पिस्टन सुमारे ०.१४ मिलिमीटरने फुगतो. ओतीव लोखंडाचा सिलिंडर मात्र सुमारे ०.०८ मिलिमीटरनेच वाढतो. शिवाय पिस्टन सिलिंडरपेक्षा अधिक तापतो. अंतर अपुरे असेल, तर रस्त्यावर वेगात असताना पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो, मागचे चाक अडते व चालक फेकला जातो. अंतर अधिक असेल, तर पिस्टन खडखडतो, तेल जळते आणि रिंगा लवकर जातात. चूक कोणत्या बाजूस झाली, यावर नुकसान पैशाचे की जिवाचे, हे ठरते.

प्रत्येक सिलिंडर मोजक्याच वेळा बोअर करता येतो, कारण दर वेळी त्याची भिंत पातळ होते. म्हणून ज्या सर्वांत लहान वाढीव मापाने भिंत स्वच्छ होईल, तेच घ्यावे. एकदम मोठे माप घेण्याने शक्ती वाढते, ही समजूत निराधार आहे : व्यास ७० वरून ७१ मिलिमीटर केला तरी आकारमान ३४६ वरून ३५६ घन सेंटिमीटर एवढेच होते. या किरकोळ लाभासाठी सिलिंडरचे पुढचे आयुष्य खर्ची पडते.

सुट्या भागांची पारख

चेन्नई हे वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगाचे भारतातील एक प्रमुख केंद्र आहे. सेंबियम येथे १९४९ मध्ये इंडिया पिस्टन्स ही कंपनी सुरू झाली. १९५९ मध्ये राणे समूहाने झडपा बनविणारी कंपनी काढली. १९६१ मध्ये पाडी येथे विद्युत्-भागांसाठी लुकास-टीव्हीएस स्थापन झाली. शहराच्या मध्यभागी, अण्णा सलैजवळचा जनरल पॅटर्स रोड नव्या सुट्या भागांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे, तर एग्मोरजवळचे पुदुपेट मोडीत काढलेल्या गाड्यांच्या जुन्या भागांसाठी दीर्घकाळ ओळखले गेले आहे. या दोन बाजारांत मिळणाऱ्या मालाचे ढोबळमानाने पाच वर्ग पडतात.

पहिला वर्ग वाहन-निर्मात्याच्या स्वतःच्या नावाने, त्याच्या पाकिटात विकल्या जाणाऱ्या भागांचा. दुसरा वर्ग पिस्टन, रिंगा, बेअरिंग किंवा झडपा घडविणाऱ्या नामांकित कंपन्यांनी स्वतःच्या नावाने विकलेल्या भागांचा. वाहन-निर्माता पुष्कळ भाग अशाच कंपन्यांकडून घेत असल्यामुळे हा माल गुणवत्तेने पहिल्याच्या बरोबरीचा आणि किमतीने काहीसा स्वस्त असू शकतो. तिसरा वर्ग लहान कारखान्यांचा. त्यांत उत्तम व निकृष्ट दोन्ही सापडतात, म्हणून प्रत्येक भाग मोजूनच घ्यावा लागतो. चौथा वर्ग बनावट मालाचा, ज्यावर दुसऱ्याचे नाव असते. पाचवा जुन्या, वापरलेल्या भागांचा.

तिसरा व चौथा वर्ग एक नव्हेत, हा भेद ध्यानात ठेवावा. स्वतःच्या नावाने साधा माल विकणारा लहान कारखानदार अप्रामाणिक नसतो. दुसऱ्याचे नाव छापणारा असतो. खोटी व्यापारचिन्हे लावण्यास १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची शिक्षा आहे. तथापि कायदा नुकसान झाल्यानंतर धावून येतो. दुकानाच्या फळीपाशी ग्राहकाला स्वतःचेच डोळे वापरावे लागतात.

प्रथम पाकीट पाहावे. २०११ च्या वेष्टित वस्तूंसंबंधीच्या नियमांप्रमाणे त्यावर निर्मात्याचे अथवा आयातदाराचे नाव व पत्ता, महिना व वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत असली पाहिजे. अक्षरे पुसट, शब्दलेखन चुकीचे किंवा किंमत चिकटविलेली असल्यास संशय घ्यावा. मात्र चांगले पाकीट हा चांगल्या भागाचा पुरावा नव्हे. रिकामी अस्सल पाकिटेही पुन्हा भरली जातात.

म्हणून भाग हातात घ्यावा. चांगल्या पिस्टनाच्या आतील बाजूसही ओतकाम स्वच्छ असते. बारीक छिद्रे, खडबडीत कडा किंवा रिंगांच्या खाचांत राहिलेला कीस दिसल्यास तो परत करावा. माथ्यावर मापाचा व दिशेचा शिक्का स्पष्ट असावा. जुना पिस्टन बरोबर न्यावा व वजनाच्या काट्यावर दोन्ही तोलून पाहावेत; एकाच सिलिंडरच्या इंजिनात क्रँकचा तोल पिस्टनाच्या वजनावर बेतलेला असतो, आणि नवा पिस्टन बराच जड असल्यास हादरे वाढतात. रिंगेवर वरची बाजू दर्शविणारी खूण असावी. बेअरिंगवरील क्रमांक कोरलेला, एकसारखा व जुन्या बेअरिंगवरील क्रमांकाशी अक्षरशः जुळणारा असावा. क्रमांकानंतर येणारी अक्षरे आतील मोकळीक दर्शवितात, त्यामुळे ती गाळून चालत नाहीत.

काटकसर कोठे करावी, याचा एक साधा नियम आहे. भाग तुटला असता केवळ गैरसोय होणार असेल, तर तो स्वस्त किंवा जुना चालेल. तो तुटल्यास दुसरे भाग फुटणार असतील किंवा चालक पडणार असेल, तर चालणार नाही. चिखलगार्ड, झाकणे, तरफा, दिव्याचे खोके हे पुदुपेटसारख्या बाजारातून खुशाल घ्यावेत. पिस्टन, पिन, रिंगा, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, झडपा व झडपांच्या स्प्रिंगा जुन्या घेऊ नयेत, कारण धातूला आलेला शीण डोळ्यांना दिसत नाही. सर्क्लिप, गॅस्केट व तेलाची सीले तर स्वतःचीच जुनी असली तरी पुन्हा वापरू नयेत. अत्यल्प किमतीची सर्क्लिप सुटली, तर पिन बाजूला सरकून नव्याने बोअर केलेल्या भिंतीत खोल चर पाडते.

जुन्या भागांबाबत आणखी एक गोष्ट. इंजिनाचा क्रमांक क्रँकपेटीवर असतो व तो नोंदणी-पुस्तकाशी जुळला पाहिजे. दुसऱ्या गाडीची क्रँकपेटी बसविल्यास नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. क्रमांक घासलेली पेटी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा फौजदारी गुन्हा आहे. प्रत्येक खरेदीची पावती मागावी. पावती देण्यास नाखूष असलेला दुकानदार त्या मालाविषयी पुष्कळ काही सांगून जातो.

जोडणी

यंत्रशाळेतून आलेल्या सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरक्या रेषांचे जाळे असते. त्या रेषांत तेल टिकते, म्हणून त्या घासून गुळगुळीत करू नयेत. परंतु त्यांतच घासदगडाचे अतिसूक्ष्म कणही असतात, आणि ते रॉकेलने निघत नाहीत. सिलिंडर गरम पाणी, साबण व कुंचला यांनी, पांढऱ्या फडक्यावर करडा डाग उमटेनासा होईपर्यंत धुवावा. मग लगेच कोरडा करून त्यावर तेल फिरवावे. चेन्नई, मुंबई किंवा रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या हवेत उघडे लोखंड एका रात्रीत तांबूस होते.

रिंगा पिस्टनवर चढविण्यापूर्वी प्रत्येकीची फट सिलिंडरमध्ये तपासावी. ७० मिलिमीटर व्यासास ती सुमारे ०.३० मिलिमीटर असावी, किंवा रिंगांच्या पाकिटावर दिलेली असेल तेवढी. फट अपुरी असेल, तर तापल्यावर टोके एकमेकांस भिडून रिंग तुटते. रिंगांच्या फटी एकाखाली एक न येता परिघावर विखुरलेल्या असाव्यात. पिस्टन व भिंत यांना तेल लावून सिलिंडर सरळ खाली उतरवावा. तो अडला तर दाबू नये, अडण्याचे कारण शोधावे. हेडचे नट एकदम न आवळता समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, पुस्तिकेतील टॉर्कपर्यंत आवळावेत.

या इंजिनाचे टॅपेट थंड अवस्थेत, दोन्ही झडपा बंद असताना बसवितात : पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, परंतु वर-खाली हलू नये. ठिणगीच्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी, आणि पिस्टन माथ्यापासून सुमारे ०.८ मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडू लागावेत.

पहिले हजार किलोमीटर

ताजे तेल भरल्यानंतर प्लग काढून किक वीस-पंचवीस वेळा मारावी, म्हणजे पंपाला तेल पकडता येते. रॉकरांकडे जाणाऱ्या बाहेरील नळीचा वरचा बोल्ट किंचित सैल करून तेथवर तेल पोहोचते का ते पाहावे. तेल पोहोचल्याची खात्री झाल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. कोरडे चाललेले पहिले मिनिट नंतरच्या अनेक वर्षांचे नुकसान करते.

इंजिन सुरू झाल्यावर ते उभ्या गाडीत बराच वेळ मंद चालू ठेवू नये. हवेने थंड होणारे इंजिन उभ्या जागी तापते, आणि भार नसल्यामुळे रिंगा भिंतीवर नीट दाबल्या जात नाहीत. थोडे अंतर चालवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे, नट पुन्हा तपासावेत. पहिले ५०० किलोमीटर वेग मध्यम पण बदलता ठेवावा. चढावर मोठ्या गिअरमध्ये इंजिन कण्हत राहू देऊ नये. तेल पहिल्या काही दिवसांतच एकदा आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा बदलावे. काढलेले तेल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात पाहावे. बारीक करडी चमक अपेक्षित असते. नखाला लागणारे कण अपेक्षित नसतात, आणि ते दिसल्यास गाडी थांबवून कारण शोधणे हेच स्वस्त पडते. ते तेल गटारात न ओतता जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे.

शेवटी वहीत चार गोष्टी नोंदवाव्यात : सिलिंडरचे आताचे माप, पिस्टनाचा निर्माता व वाढीव आकार, दोहोंमधील अंतर, आणि त्या वेळचा किलोमीटरचा आकडा. पुढे केव्हातरी हे इंजिन पुन्हा उघडले जाईल, कदाचित दुसऱ्याच हातांनी. त्या माणसाला सिलिंडरमध्ये अजून किती धातू शिल्लक आहे हे या नोंदीवरून कळेल, आणि अनावश्यक कापणीतून तो वाचेल.